मोजणीचं गाणं

रविवार, ९ नोव्हेंबर

बँडबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला हवं, म्हणून आजपासून मी लिहितो. सदफला हे सांगितलं तर म्हणाली, "भाई, आधी गाणी तरी धड बसव."

"कोरड"मध्ये आम्ही तिघं. मी मोईन, गिटार वाजवतो आणि शब्द लिहितो. सदफ माझी धाकटी बहीण, ती ड्रम वाजवते, दिवसा शाळेत गणित शिकवते. तिसरा अजिनाथ. तो बास वाजवतो आणि गातो. गातो म्हणजे काय, छाती फाडतो. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत कंत्राटी कामाला आहे, राहतो तिथंच जवळच्या खेड्यात. शहागंजात अब्बांचं गाद्यांचं दुकान आहे, मागच्या गोदामात आमची प्रॅक्टिस चालते. पंक म्हणजे काय हे अब्बांनी कधी विचारलं नाही. दुकान बंद झाल्यावर वाजवा आणि कापसाजवळ सिगारेट पेटवू नका, एवढंच म्हणाले.

काल उस्मानपुऱ्यात एका कॅफेच्या गच्चीवर "मोजणी" वाजवलं. अजिनाथनं एकदा सांगितलं होतं, कंपन्या आल्या आणि आमचं रान गेलं. त्यावरून मी लिहिलेलं गाणं आहे ते.

साखळी आली, मोजून गेली,
बापाची माती पोत्यात नेली!

पोरं अक्षरशः भिंतीवर चढत होती. कुणीतरी व्हिडिओ टाकला आणि आज सकाळपासून फोन थांबेना. संध्याकाळी मुंबईहून झेबा नावाच्या बाईंचा फोन आला. एका मोठ्या म्युझिक कंपनीच्या वेब कार्यक्रमासाठी त्या गावोगावचे नवे आवाज शोधतात. म्हणाल्या, "आम्हाला तुम्ही हवे आहात."

विचार करून कळवतो म्हणालो. खरं तर विचार करण्यासारखं त्यात काही नाही. पंक दुकानात मांडलं की ते पंक राहत नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

तिघं बसलो. मी मुद्दे काढून आणले होते. एक तर कंपनी शब्द बदलणार. शब्द नाही बदलले तर आवाज बदलणार. तेही नाही केलं तर आम्हालाच बदलणार. ज्यांच्याविरुद्ध आपण ओरडतो त्यांच्याच जाहिराती आपल्या गाण्याआधी लागणार.

सदफ म्हणाली, "तुला सोपं आहे, भाई. तू नाही विकलंस तरी पुढं दुकानात गाद्या विकल्या जातातच."

हे मला लागलं. मी गाद्या विकतो म्हणून माझं गाणं खोटं होतं का?

अजिनाथ बासच्या तारा पुसत बसला होता. मध्येच म्हणाला, "आबांना दाखवता आलं असतं." आबा म्हणजे त्याचे वडील. मी म्हणालो, आबांना इथं बोलाव की, गोदाम आपलंच आहे. त्यावर तो काही बोलला नाही. म्हणजे त्यालाही पटलं. ठरलं, नकार द्यायचा.

सोमवार, १७ नोव्हेंबर

झेबाबाईंनी अजिनाथला परस्पर फोन केला. कंपन्या बँड असेच फोडतात. अजिनाथनं मात्र मला लगेच सांगितलं, हे त्याचं चांगलं. त्या येत्या रविवारी इथं येणार आहेत. येऊ देत. तोंडावर नाही म्हणायला मलाही आवडेल.

रविवार, २३ नोव्हेंबर

आल्या. मला वाटलं होतं काळा चष्मा, मोठी गाडी. तर पाठीवर सॅक, रिक्षानं आल्या. अम्मीनं खिचडा पाठवला होता, तो मागून घेऊन परत खाल्ला. गाद्यांच्या थप्पीवर बसून डोळे मिटून सगळी गाणी ऐकली. "मोजणी" झाल्यावर डोळे उघडले. मग अजिनाथला विचारलं, "तुमच्याकडे धनगरी ओव्या गातात का?"

"आबा गातात. मेंढरं विकल्यापासून कुणी बोलवत नाय."

"मी विचार करतेय, सुरुवातीला आबांचा आवाज घ्यावा. मग तू. खांद्यावर घोंगडी, मागे ढोल. गिटार थोडं कमी करू."

"थोडं म्हणजे किती?" मी विचारलं.

"आमच्याकडे वादक आहेत," त्या म्हणाल्या. अगदी चांगल्या शब्दांत म्हणाल्या.

मी उभाच राहिलो. "मॅडम, हा पंक बँड आहे. हा मुलगा घोंगडी टाकून नाचणार नाही. तुम्हाला धनगर हवाय, अजिनाथ नकोय."

त्या अजिनाथकडं बघून म्हणाल्या, "बँड मला आवडलाच. पण लोकांच्या लक्षात आवाज राहतो." हे बोलताना माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

माझा राग त्यासाठी नाही, हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो. मला वगळलं म्हणून मी चिडलो असं सदफला वाटतं. मुद्दा तत्त्वाचा आहे. घोंगडी हा त्याच्या घरच्यांचा कामाचा कपडा, तो पोशाख म्हणून विकायचा?

आणि एवढं सगळं होऊन अजिनाथनं काय विचारावं? "आबांनी खरंच गायलं तर चालंल का?"

रविवार, ३० नोव्हेंबर

आज अजिनाथच्या घरी गेलो. तो ओव्हरटाइमला होता, ते मला माहीत होतं. आबांना मीच समजावून सांगितलं तर ते पोराला अडवतील, असं ठरवून केंब्रिज चौकातून गाडी काढली.

घर म्हणजे दोन खोल्या, वर पत्रे. आबांचं नाव सोनाजी. एका गोडाऊनवर रात्रपाळीचे वॉचमन आहेत, नुकतेच उठले होते. अजिनाथची आई राजाबाई, त्यांनी चहा टाकला. गिटार वाजवणारा तूच का, म्हणून दोघांनी मला निरखून पाहिलं.

मी म्हणालो, "आबा, ती माणसं तुमचा तमाशा करतील. तुमची जमीन गेली त्याचं दुःख त्यांना नकोय, त्यांना नुसती घोंगडी पाहिजे."

आबा म्हणाले, "कुणाची जमीन?"

"तुमची. कंपन्यांत गेली ती. 'मोजणी'त आहे की."

"व्हय व्हय, ऐकलं ते गाणं. शेजारच्या पोरानं मोबाईलवर लावलं होतं. लई वरडतो आमचा." ते हसले. "पर आमची जमीन नाय गेली, बाबा. आम्हाला जमीन होती कुठं?"

मला काही कळेना. त्यांनी सावकाश सांगितलं. त्यांची मेंढरं होती. सुगी झाली की लोकांच्या वावरात मेंढरं बसवायची, वावराला खत मिळायचं, मालक धान्य द्यायचा. बाकीचे महिने गायरान आणि डोंगराची कड. वावरं कंपन्यांत गेली, गायरानाला कुंपण पडलं, मेंढरं विकावी लागली. पैसे वावरवाल्यांना मिळाले.

"ते बराबरच हाय. सातबाऱ्यावर त्यांचं नाव. आपलं नाव कशावर होतं?"

"पण अजिनाथ म्हणाला होता, आमचं रान गेलं."

राजाबाई चुलीपुढून म्हणाल्या, "रान गेलंच की."

चहा बकरीच्या दुधाचा होता. दुसरा कप नको म्हणायला जमलं नाही. ज्या कामासाठी आलो होतो ते तसंच राहिलं. निघताना आबांनी विचारलं, "त्या बाई खरंच येणार हायेत का? कोरी घोंगडी लागंल का हीच चालंल?"

गाणं म्हणजे पंचनामा नव्हे. एखादा तपशील चुकला म्हणून गाणं खोटं ठरत नाही. हे वाक्य परतीच्या वाटेत मी मनात घोळवत आलो आणि आत्ता लिहिलं. लिहिल्यावर तितकं बरं दिसत नाही.

मंगळवार, २ डिसेंबर

अजिनाथला विचारलं, दोन वर्षं का गायलास मग?

"तू लिहून आणलं होतंस. वाचून दाखवताना लई खूश होतास."

"सांगायचं होतंस, चुकलंय म्हणून."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस? गिटार तुझी. गोदाम तुझ्या अब्बांचं. बास पण तुझा जुनाच. मला गायचं होतं, मोईन. तू 'बापाची माती' दिलीस, ती गायलो. पोरांना आवडली."

"म्हणून आता घोंगडी?"

"इथं मूठ वळून गायचं, तिथं घोंगडी टाकून. मला दोन्हीकडं कुणीतरी सांगितलंच की कसं उभं राहायचं." तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर मला उत्तर देता आलं असतं. "तिथं निदान आबा संगं राहतील."

मग मी जे बोललो ते बोललो. जायचं तर जा, पण "कोरड" हे नाव माझं आणि "मोजणी"चे शब्द माझे. ते गाणं तिथं गायचं नाही.

तो म्हणाला, "नाय गात."

बास भिंतीला टेकवला, चप्पल घातली आणि गेला. सदफ त्याच्यामागं बाहेर गेली. परत आली ती माझ्याशी न बोलता वर घरात निघून गेली.

गुरुवार, ४ डिसेंबर

कंपनीला मेल पाठवला. शब्दांचे सर्व हक्क माझ्याकडे आहेत, परवानगीशिवाय वापर झाल्यास कायदेशीर कारवाई करीन वगैरे. नमुना इंटरनेटवर मिळाला. मालकीचा मला सोस नाही. पण एखादी गोष्ट बाजारात जाण्यापासून वाचवायची तर आधी ती आपली आहे असं म्हणावं लागतं.

झेबाबाईंचं उत्तर तासाभरात आलं: "तुमच्या भावना समजतात. आम्ही ते गाणं घेणार नाही. अजिनाथने नवं लिहिलं आहे."

अजिनाथ लिहितो?

रविवार, २१ डिसेंबर

आज शूटिंग होतं. सदफ ड्रम वाजवणार हे मला काल जेवताना कळलं. अब्बांना तिनं आधीच विचारलं होतं. अब्बांचा प्रश्न एकच, तिथं जेवणाची सोय आहे का. आणि मग स्वतःच टेम्पो सांगितला.

मी जाणार नव्हतो. गेलो. लांब, रस्त्याच्या कडेला गाडी लावून उभा राहिलो.

शेंद्र्याच्या पलीकडं माळावर त्यांनी सगळं मांडलं होतं. मेंढरं भाड्यानं आणली होती. सोनाजी आबा पांढऱ्या धोतरात, लाल पटक्यात, कपाळाला भंडारा. अजिनाथच्या खांद्यावर घोंगडी. ओळखू येत नव्हता, आणि उभा मात्र तसाच होता, गोदामात राहतो तसा, एक पाय पुढं.

आबांना ओवी म्हणायची होती. पहिल्यांदा आवाज फुटला. दुसऱ्यांदा वारा आला. मग मेंढरं चौकटीतून बाहेर गेली. पुन्हा, पुन्हा. ऊन चढत होतं. मला वाटलं, आता अजिनाथ घोंगडी फेकून देईल. मी गाडीवरून उतरलोसुद्धा.

तेवढ्यात आबा ओवी अर्धवट सोडून मेंढरांकडं वळले. कुणाला काही न विचारता तोंडानं "हुर्र हुर्र" करत सगळा कळप उताराकडं घेऊन निघाले. कुणीतरी ओरडलं, "बाबा, कुठं चाललात?" ते वळूनही न बघता म्हणाले, "तहानलीत. सकाळपून हुबी हायेत." खाली बंधाऱ्यात थोडं पाणी होतं. मेंढरं पिऊ लागली आणि आबा काठावर बसून ओवी गाऊ लागले. कुणी सांगितलं नव्हतं. आवाज थेट माझ्यापर्यंत आला.

झेबाबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. कॅमेरेवाला मात्र वाकून पळत खाली गेला. त्यांनी तेही घेतलं.

अजिनाथ वरून बघत होता. त्याचा चेहरा मला दिसला नाही. सदफनं मला पाहिलं. हात केला नाही, बोलावलं नाही. मी थोडा वेळ थांबून घरी आलो.

शुक्रवार, १६ जानेवारी

व्हिडिओ आला. गाण्याचं नाव "नाव नाही".

अपेक्षेप्रमाणं गुळगुळीत केलंय. बासरी घातलीये. बासरीचं इथं काय काम? सदफचा ड्रम ढोलांमागं दाबून टाकलाय. दुसऱ्या कडव्यानंतर व्हायोलिनं येतात आणि त्याच्या आवाजातला खरखरीतपणा धुऊन काढल्यासारखा वाटतो. फक्त शेवटच्या कडव्यात, "ठाव" या शब्दावर, तो क्षणभर गोदामातला अजिनाथ होतो. ते कळायला नीट ऐकावं लागतं.

सुरुवात आबांपासूनच आहे. बंधारा, मेंढरं, पाठमोरे आबा. शब्द असे:

सातबाऱ्यावर नाव नाही, पाटीवर नाव नाही,
मेंढरं ओळखत होती, बाकी कुणा ठाव नाही.

व्याकरणात कुठं चूक नाही. यमकही बरं आहे.

अम्मीला मराठी गाणी फारशी कळत नाहीत. ती सदफच्या फोनवर बघत होती. म्हणाली, "ये लडका रो रहा है क्या?" मी म्हणालो, अभिनय आहे.

रविवार, ८ फेब्रुवारी

बासित नावाचा कॉलेजचा मुलगा गाऊन बघायला आला. सूर पक्का, उच्चार स्वच्छ. "मोजणी" दिलं. "बापाची माती" म्हणताना त्यानं मूठ वळली, अगदी बरोबर जागी. मी थांबवलं. काय चुकलं, त्यानं विचारलं. काही नाही म्हणालो.

तो गेल्यावर स्वतःच म्हणून पाहिलं. माझे अब्बा पुढं उशीला खोळ घालत होते. आतून "बापाची माती" ऐकून त्यांनी डोकावलं आणि विचारलं, "क्या हुआ? कुछ चाहिए?"

नंतर गायलो नाही.

मंगळवार, २४ मार्च

ईद झाली. सदफनं सांगितलं की अजिनाथचे कार्यक्रम ठरताहेत, त्याला ड्रमर म्हणून तीच हवी आहे. शाळेला सुट्टी लागली की ती जाणार. मी म्हणालो, "कोरड"चं काय? ती म्हणाली, "भाई, 'कोरड'मध्ये सध्या कोण कोण आहे ते सांग ना." टोमणा म्हणून म्हणाली नाही, खरंच विचारत होती.

शुक्रवार, १ मे

कामगार दिनाचा कार्यक्रम, शेंद्र्यात. मोठं स्टेज, वर कंपन्यांची नावं. अशा ठिकाणी आम्ही कधी पाय ठेवणार नाही, असं मीच एकदा एका मुलाखतीत म्हणालो होतो. आज मागच्या बाजूला, साउंडवाल्याच्या टेबलाशी उभा राहिलो.

मैदान भरलं होतं. शिफ्ट सुटून तसेच आलेले, युनिफॉर्ममधले लोक. "नाव नाही" सुरू झालं आणि बासरी कुणाला ऐकूच आली नाही. लोक गात होते. माझ्या शेजारी एक मध्यमवयीन माणूस, गळ्यात ठेकेदाराचं ओळखपत्र, डोळे मिटून म्हणत होता, "पाटीवर नाव नाही." गच्चीवर पोरं उड्या मारायची, तशी उडी कुणीच मारली नाही. सगळे जागच्या जागी उभे होते. मला गिटार कुठं यायला हवी होती ते ऐकू येत होतं, आणि तिथं ती नव्हती.

गाणं संपल्यावर एका कोपऱ्यातून आरडाओरड सुरू झाली. "मोजणी! मोजणी!" जुना व्हिडिओ पाहिलेली पोरं होती. बघता बघता अर्धं मैदान मागायला लागलं. अजिनाथ पाणी प्यायला. समोर पाहिलं आणि दिव्यांच्या उजेडात त्याला मी दिसलो.

तो थांबला. मी मान हलवली असती तर पुरे होतं. मी नुसता उभा राहिलो. का, ते आत्ता लिहायला बसलो तरी सापडत नाही.

तो माइकमध्ये म्हणाला, "ते गाणं माझं नाय." लोकांनी शिट्ट्या मारल्या, कुणी शिव्या दिल्या. सदफनं पुढचा ताल धरला.

कार्यक्रमानंतर स्टेजमागं गेलो. तो खुर्चीवर बसून मान खाजवत होता. घोंगडीनं गळ्याला लाल चट्टे उठले होते.

"टोचती लई," तो म्हणाला. "नवी हाय. आबांची मऊ होती, पर ती क्यामेऱ्यात काळी दिसती म्हणाले."

मी म्हणालो, "गायचं होतंस. मी काय कोर्टात जाणार होतो का?"

"तुझ्यासाठी नाय सोडलं ते गाणं." त्यानं मला चहा दिला. "पहिल्या रांगेत आमच्या गावचे कडुबा तात्या बसले होते. त्यांचं वावर खरंच गेलंय. त्यांच्यासमोर मी 'बापाची माती' म्हणू? गच्चीवर कुणाला ठाऊक होतं, चालून गेलं."

"मग माझ्याकडं बघून का थांबलास?"

"तू आलास म्हणून. बरं वाटलं."

चहा फार गोड होता. मी विचारलं, घोंगडी अजून किती दिवस.

"पुढच्या गाण्यांची सही केलीय. सगळ्यांत हायच. मी म्हणलं होतं एखादं बिनघोंगडीचं करू, नुसतं वरडायचं. झेबाताई म्हणल्या, लोक ओळखणार नाहीत." त्यानं कप खाली ठेवला. "आबांना दोन जत्रांची बोलावणी आलीत. आईला सांगत होते आन् हसत होते. ते बघून मला गार वाटतं. घोंगडी टाकली की कोंडल्यासारखं होतं. दोन्ही होतं, मोईन. काय करू?"

त्याला फोटोसाठी हाका येत होत्या. तो उठला, घोंगडी पुन्हा खांद्यावर नीट केली आणि गेला.

रविवार, ३ मे

आज सदफचे ड्रम हलवले. उद्या नांदेड, मग सोलापूर. टेम्पो दुकानासमोर लावला होता. अब्बांनी बास ड्रमखाली टाकायला जुनी गादी काढून दिली. मी आणि सदफनं मिळून एकेक नग चढवला, दोऱ्या आवळल्या.

मग मी विचारलं, "त्यांच्याकडं गिटारला कोण आहे?"

"मुंबईचा एक आहे. चांगला वाजवतो."

"दुसरा लागतो का?"

ती दोरीची गाठ मारता मारता थांबली. मला वाटलं हसेल. म्हणाली, "मी नाही विचारणार, भाई. तूच विचार."

तिथंच टेम्पोला टेकून फोन लावला. अजिनाथनं लगेच उचलला. मी विचारलं. म्हणालो, शब्द मी लिहिणार नाही, तू सांगशील तेवढंच वाजवीन. आणि "मोजणी"बद्दल कंपनीला लिहिलं होतं ते चुकलं.

त्यानं पलीकडं कुणाला तरी ढोल थांबवायला सांगितलं.

मग म्हणाला, "घोंगडी टाकावी लागंल. सगळ्यांनाच."

मी हो म्हणालो.